चौतीस अंश

आमच्या दूध शीतकरण केंद्रात हमीदचाचा आधी भिंतीवरच्या डब्यावर टॉवेल टाकत आणि मगच तोंड उघडत.

"ऐकतंय त्ये," ते कुजबुजत.

केंद्र वेल्ह्याच्या बाजारापासून मैलभर, माळावर एकटंच. चाचा तिथले मशीन ऑपरेटर, मूळचे भोरचे. बायको गेल्यापासून केंद्रामागच्या खोलीतच राहत. कॉम्प्रेसरला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाशी धरत आणि डॉक्टरसारखे सांगत, "छातीत घरघर हाय." दुसऱ्या दिवशी मशीन हमखास बंद पडे. मी बाजारातल्या ऑफिसात कारकून. मला पंख्याचं बटणसुद्धा तीनदा चाचपावं लागतं.

मग पुण्याहून तो डबा आला. पोटात सिमकार्ड, डोक्यावर अँटेना. त्याची धातूची कांडी टाकीतल्या दुधात बुडलेली. दूध तापू लागलं की डबा आपला आपण पुण्याच्या साहेबांना आणि मला मेसेज करणार.

"वायर न्हाई, मानूस न्हाई, आन् चुगली पार पुण्यापातुर!" चाचा हबकले. मला हसू आलं. ते आठवडाभरच टिकलं.

मग रोज दुपारी चारला मेसेज येऊ लागला : चौतीस अंश. गार दूध चार अंशांवर हवं; चौतीसला अख्ख्या खोऱ्याचं दूध नासणार! मी लगेच केंद्रात फोन लावायचो.

"समदं ठीक हाय," चाचा निवांत. "टाकीवरचा काटा चारवरच हाय. तुमी जेवला का?"

पाचव्या दिवशी पुण्याचे साहेब फोनवर कडाडले, "डबा नवा आहे, म्हातारा जुना झालाय. आणखी एक मेसेज आला तर त्याला घरी पाठवा."

घरी म्हणजे कुठं, हे मला विचारता आलं नाही. साहेबांपुढे मी फक्त 'हो साहेब' म्हणतो.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला मी केंद्राच्या खिडकीमागे दबा धरला. चाचांनी साबणाने हात धुतले, कांडी दुधातून काढली आणि मुठीत घट्ट धरून डोळे मिटून उभे राहिले. माझ्या खिशात मोबाईल वाजला. चाचांनी दचकून वर पाहिलं.

"अहो चाचा, नोकरी जाईल तुमची!"

त्यांनी कांडी हळूच परत दुधात सोडली. "साहेब, दूध तापलं तर पुण्याला कळतंय. म्या हितं गार पडलो तर कुनाला कळंल? तुमचा फोन वाजला की वाटतं, हाय कुनीतरी."

पुण्याला मी 'किरकोळ बिघाड, दुरुस्त केला' असं कळवलं. आयुष्यातलं माझं पहिलं धाडस. मग फिटरला दोनदा चहा पाजून डब्याला जादा कांडी लावून घेतली. ती भिंतीवर टांगलेली, आणि तिचा मेसेज फक्त मला. रोज चार वाजता चाचा ती मुठीत धरत : चौतीस. मी हुश्श करायचो.

एकदा चार वाजले. सव्वाचार झाले. मेसेज नाही. केंद्रातला फोन नुसताच वाजत राहिला. मी पळत सुटलो. माझ्यासारखा ढेरपोट्या पळताना पाहून बाजार हसला असेल. मला दिसलं नाही. एक चप्पल वाटेतच राहिली.

चाचा केंद्राच्या दारात बसलेले. शेजारी दोन कप चहा, त्यातला एक बशीने झाकलेला.

"म्या मुद्दामच धरली न्हाई," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "म्हनलं बगू, कोन येतंय का."

शिव्या पुष्कळ होत्या, पण धाप लागलेली. चाचा उठले, डब्यावरचा टॉवेल ओढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"घाम पुसा आधी," ते मोठ्यानं म्हणाले. "ऐकू दे त्याला."