हात लावायचा नाय!

गिरणीतून सुटलेला माणूस आधी हातपाय धुतो, चहा मागतो, निदान कुणावर तरी ओरडतो. आमच्या लालबागच्या चाळीतले दाजी परब यायचे ते थेट गॅलरीत पालथे पडायचे. केसांत कापसाचे तंतू तसेच, हनुवटी फरशीला टेकलेली आणि सहा फुटी देह भर वाटेत आडवा. पाण्याच्या कळशा घेतलेल्या बायका चरफडत त्यांना ओलांडून जायच्या. कुणी उठा म्हटलं, की खालूनच उत्तर येई, "गप ऱ्हवा. काम चालू आसा."

काम म्हणजे मांजराची पिल्लं बघणं.

दाजी गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत. बायकापोरं कोकणात, आणि इथे एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे आठ जण. गावी जाताना दाजी जी पत्र्याची ट्रंक भरत, नेमकी तिच्यात एका मांजरीने चार पिल्लं घातली. बाकीचे सात जण म्हणाले, मासळीबाजारात सोडून या. दाजी दारात आडवे उभे राहिले. "स्वतःच्या पायान चालल्याशिवाय एकय पिल्लू भायर जावचा नाय. आणि पयला पाऊल मी बघतलंय!"

झालं, ट्रंक पिल्लांसकट गॅलरीत आली आणि त्या दिवसापासून दाजींना तेवढा एकच ध्यास. मी शाळामास्तर, पण वर्ग दाजी घेत. "आधी डोक्या उचलतला. मगे पुढले पाय. मागले सगळ्यात शेवटाक. आणि शेपटी कित्याक? तोल सांभाळूक!" आणि होतंही तसंच. पहिले काही दिवस पिल्लं पोटावर सरपटली. मग मान वर आली, पण डोकंच जड, त्यामुळे नाकावर आपटायची. पुढे पुढचे पाय उभे राहिले आणि मागचे बसूनच. पुढून पाहावं तर साहेब आणि मागून पाहावं तर अर्जदार!

दाजींचा नियम मात्र कडक. "हात लावायचा नाय. पडांदे. पडल्याशिवाय तोल कळणा नाय." आमच्या हिने एकदा न राहवून एका पिल्लाला सावरलं, तर दाजी दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

पण नशीब बघा. पिल्लांचे डोळे उघडले तेव्हा दाजी साच्यांपाशी. तीन पिल्लं एकाच संध्याकाळी चालली, तेव्हा दाजी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला. घोषणा देऊन घसा बसलेला, तसे आले तर माझी मुलगी ओरडली, "दाजी, चालली! तिघं चालली!" दाजी ट्रंकेजवळ मटकन बसले. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

उरलं एक, सगळ्यांत मरतुकडं. दाजी त्याला 'धाकलो' म्हणत. त्याची भावंडं आमच्या पडद्यावर सरसर चढायची आणि उतरता येईना म्हणून वर लटकून रडायची, तेव्हाही धाकल्याचे मागचे पाय फाकलेलेच. ते काही चालायचं नाही, असं चाळीने ठरवून टाकलं. दाजी म्हणाले, "चालतलो. आणि मी हय आसताना चालतलो."

पुढे एका हरताळाच्या दिवशी गिरण्या बंद राहिल्या. दाजी सकाळपासून फरशीवर. पोरांनी ताल धरला, "धाकलो चाललाच पाहिजे! चाललाच पाहिजे!"

"घोषणा मैदानात," दाजी खेकसले. "हय नाय. तो बिचकता."

दुपारी धाकल्याने मागचे पाय पोटाखाली ओढले, शेपटी ताठ केली आणि उचलला की एक पाय! दुसरं पाऊल तिरपं पडलं, तिसरं त्याहून तिरपं आणि चौथ्याला स्वारी थेट दाजींच्या नाकावर. गॅलरीत टाळ्याच टाळ्या. दाजी मात्र उठेनात. मी वाकून पाहिलं तर डोळ्यांतून घळघळा पाणी.

"मास्तरांनू, चार पोरां माझी," ते म्हणाले. "वर्षातसून एकदा गावाक जातंय. थोरल्या तिघांतल्या एकाचाय पयला पाऊल बघूक गावला नाय. कार्ड येता, बाबू चालाक लागलो. मी गेलंय की पोरां माका बघून धावान पळतत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती कार्डं मीच तर त्यांना वाचून दाखवत होतो. त्यांचा धाकटा मुलगा आता बसायला लागला, हे परवाचं कार्डही मीच वाचलं होतं, भाजीचा भाव सांगावा तसं.

आतून ही म्हणाली, "मग वहिनींना बाळाला घेऊन बोलवा की इकडे. आमच्या स्वयंपाकघरात दोन माणसं मावतील."

मी तिथेच कार्ड लिहायला घेतलं. दाजींनी मजकूर सांगितला तो एवढाच. "ताबडतोब ये. आणि मुंबईक पोचापर्यंत पोराक उभो करू नुको."

वहिनी बोटीने आल्या. तीन थोरली आजीपाशी राहिली, बाळ तेवढं कडेवर. पुढे चार-पाच महिने दाजी पुन्हा गॅलरीत पालथे आणि चाळ पुन्हा त्यांना ओलांडतेय. धाकलो आता चांगला टणका बोका झाला होता. तो कठड्यावरून ऐटीत चालत असे.

एका रविवारी सकाळी बाळाने आमच्या हिचा पदर सोडला. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला गुडघे दुमडले. पण फरशीला लागायच्या आत दाजींचे दोन्ही हात त्याच्याखाली होते.

"काय हो दाजी," मी म्हटलं, "हात लावायचा नाय ना? पडांदे ना?"

दाजींनी पोराला छातीशी घट्ट धरलं होतं. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "गप ऱ्हवा, मास्तरांनू. ह्यां काय मांजराचां पिल्लू आसा?"