राज्याची तेरवी

आमचे शेजारी श्रावणजी, म्हणजे सगळ्या गावाचे काकाजी, दरवर्षी सुतक पाळतात. घरातलं कोणी गेलेलं नसतं. गेलेलं असतं नागपूरचं मराठी राज्य, तेही इंग्रजांनी खालसा केलेलं, म्हणजे यांच्या आजोबांच्याही जन्माआधी! खरी तारीख त्यांना चालत नाही. "तवा संत्र्याची तोड चालू राह्यते, भाऊ. रडाले फुरसत पाह्यजे ना." म्हणून संत्र्याचा शेवटचा ट्रक आमच्या पांढुर्ण्याबाहेर पडला, की काकाजी दाढी वाढवतात, गोड सोडतात आणि तेराव्या दिवशी अंगणात तेरवीचं जेवण घालतात.

"कटकपर्यंत आपलं होतं" हे त्यांचं पालुपद. एकदा रस्त्याच्या कामावर ओडिशाचे मजूर आले, तर यांनी सायकल आडवी घातली आणि हिंदीत चौकशी सुरू केली, तिकडे सगळं ठीक ना, कोणी त्रास तर देत नाही ना. ते बिचारे कोणी मोठा साहेब समजून उभेच राहिले. काकाजींनी त्यांना टोपलीभर संत्री दिली आणि दिवसभर मिशीला पीळ देत हिंडले.

तेरवीचा नियम एकच, आधी कविता, मग पंगत. गावातले आम्ही सगळे लिहिणारे त्या दिवशी राज्यासाठी रडतो. औषधांच्या दुकानवाले बंडूभाऊ इंग्रजांना शिव्या घालतात. रिटायर पोस्टमास्तरांना दुसऱ्या कडव्यातच हुंदका येतो, त्यांचं तिसरं कडवं आजवर कोणी ऐकलेलं नाही. मी 'घोडे'ला 'वडे' जुळवून मोकळा होतो. कढईचा वास येऊन राहिला असताना माणसाला दुसरं काय सुचणार? काकाजी मात्र डोळे पुसत पुसत प्रत्येकाला दाद देतात.

यंदा सौसरहून इथल्या शाळेत बदलून आलेल्या सुजाता मॅडमनाही बोलावणं होतं. त्यांनी शांतपणे वाचलं, "त्या राज्यात माझ्या माणसांना विहिरीवर चढू देत नव्हते. ते मेलं, तर मी कशाला रडू?"

पोस्टमास्तरांचा तयार हुंदका घशातच राहिला. माझा जीव वड्यांत अडकला होता, खोटं कशाला बोलू.

काकाजींनी डोळे पुसायचा पंचा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बरोबर हाय, मॅडम. माह्या ध्यानातच नाही आलं कधी. गेलं थे बरंच झालं." उठून त्यांनी पहिली पत्रावळ मॅडमपुढे मांडली आणि स्वतः वाढू लागले.

बंडूभाऊंना कुठे काय बोलावं ते आजन्म कळलेलं नाही. त्यांनी विचारलं, "म्हणजे पुढल्या वर्षीपासून तेरवी बंद?"

काकाजींच्या हातातला वडा हातातच राहिला. काकू जाऊन वर्षं झाली, दोन्ही पोरं पुण्याला. एवढ्या घरात हा माणूस एकटा टीव्हीशी बोलत बसतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं पण तेरवी त्यासाठीच असते, हे एकाच्याही मनात कधी आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"बंद कायले?" ते घाईघाईनं म्हणाले. "तेरवी नको त बारसं करू. कशाचं बी करू. मॅडम, तुमीच सांगा कायचं करायचं. पण सगळे येजा."

मॅडम जराशा सरकल्या. "आधी इथं बसा, काकाजी. जेवा आमच्यासंग."

काकाजी बसले. वाढायला मी उठलो.