नमुन्याच्या डाळीचा रेल्वेप्रवास

प्रारंभीच नम्रपणे, परंतु ठामपणे सांगतो: रात्रीच्या रेल्वेने प्रवास कसा करावा, हे अखिल मराठवाड्यात माझ्याइतके कोणालाही कळत नाही! उदगीरच्या शाळेत मी छत्तीस वर्षे संस्कृत शिकवले. त्या काळात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांपासून पुतण्याच्या लग्नाच्या बस्त्यापर्यंत जे जे म्हणून कोठे न्यायचे वा कोठून आणायचे, ते सर्व रात्रीच्या गाडीने. माझी पद्धत साधी आहे. गाडी सुटली की मी निजतो आणि गाडी पोहोचली की मी उठतो. मधले जे काही आहे ते रेल्वेने पाहावे!

निवृत्तीनंतर मी लातूरला पुतण्याजवळ राहतो. पुतण्या उमाशंकर हा डाळगिरणी चालवतो. मुलगा कर्तबगार आहे. दोष एवढाच की त्याला विमानाचे वेड आहे. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीला वर्षभर पाकिटातून विकण्यासाठी तूरडाळ हवी होती आणि त्यासाठी ती एकच गिरणी निवडणार होती. मंगळवारी सकाळी अकरा वाजता नमुना घेऊन हजर व्हायचे. निवड झाली तर गिरणी दोन्ही पाळ्यांत चालणार; न झाल्यास एक पाळी बंद करून बावीसपैकी अकरा माणसांना घरी पाठवावे लागणार. उमाशंकर हे मला सांगताना माझ्याकडे न पाहता डाळीकडे पाहत होता, त्यावरून मी काय ते ओळखले.

आमच्या घरी पहिल्या सौद्याला वडीलधारे माणूस समोर बसल्याशिवाय बोलणी होत नाहीत. त्यामुळे मला जाणे प्राप्तच होते. प्रश्न फक्त वाहनाचा.

"अप्पा, विमानानं चला. सकाळी उडायचं अन् धा वाजता मुंबईत!"

"विमान कोठून उडते?"

"नांदेडहून."

"अस्सं! मुंबई पश्चिमेला आहे, म्हणून आपण आधी मोटारीने तीन तास पूर्वेकडे जायचे! वा! याला म्हणतात वेग!"

"पर पुढं दीड तासात पोचतंय की!"

"आणि माझी सकाळची लिंगपूजा? पूर्वाभिमुख बसावे, तर आकाशात पूर्व कोणती?"

"खिडकीतून ऊन येईल तिकडं पूर्व, अप्पा!"

स्वयंपाकघरातून माझी पत्नी गुरम्मा म्हणाली, "उमा, त्यांना वर नेऊ नको बाबा. खाली असून एवढा आवाज चढलाय, वर गेल्यावर काय हुईल!"

शेवटी पैज लागली. तो विमानाने, मी रेल्वेने. मी आधी पोहोचलो, तर त्याने आयुष्यात पुन्हा विमानाचे नाव काढायचे नाही.

"अन् मी आधी पोचलो तर?"

"तर मी विमानात बसेन," मी म्हणालो. "खिडकीशेजारी!"

नमुना कोणी न्यायचा, यावर मात्र मी वादच होऊ दिला नाही. डाळ भूमीतून आली आहे, ती भूमीवरूनच जाईल! पाच किलोंची जाड कापडी पिशवी, तोंडाशी शिवण, शिवणीवर लाखेचे सील. उमाशंकरने ती माझ्या हाती दिली, ती जणू नवजात बालक दिल्यासारखी.

"सील फुटू देऊ नका, अप्पा."

"मी फोडीन, असे तुला वाटते?"

"तुमी न्हाई हो. कुनी बी फोडू ने, असं म्हनलो."

निघताना मी एक गोष्ट पाहिली आणि ध्यानात ठेवली. उमाशंकरची पत्नी वर्षाराणी त्याच्या बॅगेत एक पिवळसर पुडके कोंबत होती. 'डाळीचंच हाय, सांडू देऊ नका,' असे शब्दही मी ऐकले. मनात हसलो. माझ्यावर विश्वास नाही म्हणून चोरून दुसरा नमुना नेतो आहे लबाड!

लातूरहून गाडी वेळेवर सुटली. पिशवी उशाशी घेतली आणि निजलो. जाग आली तेव्हा गाडी एका लहानशा स्थानकात स्तब्ध होती आणि बाहेर उजाडू लागले होते.

समोरच्या आसनावर रेणापूरच्या चतुराबाई नावाच्या वृद्धा मांडी घालून बसल्या होत्या. लेकीकडे निघाल्या होत्या. मी विचारले, "कल्याण आले का?"

"कल्यान? आजून दौंड बी न्हाई आलं, गुरुजी! तीन वाजल्यापसून हितंच हाव. पुढं तारंवर लिंबाचं झाड पडलंय म्हनं."

"मग मला उठवले का नाही?"

"उठवलं की! तुमी झोपंतच म्हनलाव, 'रांगेत उभे राहा.'"

इतक्यात उमाशंकरचा फोन आला. आता सांगा, असत्य तर मी बोलत नाही. पण पैजेच्या सकाळी पुतण्यासमोर पराभव तरी कसा मान्य करावा?

"अप्पा, कसं चाललंय?"

"प्रवास अत्यंत शांततेत! एकही धक्का नाही!"

"वा वा! मी बी सीटवर आरामात बसलोय."

"बाहेर काय दिसते?"

"ढगच ढग, अप्पा! दुसरं काहीच दिसना!"

मी फोन ठेवला. पोरगा आकाशात! म्हणजे पैज गेली. पण सौदा वाचला. तो वेळेवर पोहोचणार आणि त्याच्या बॅगेत दुसरा नमुना आहेच. चित्त स्थिर झाले. हातपाय धुतले, चतुराबाईंना पूर्व दिशा विचारून घेतली, भस्म लावले, इष्टलिंग तळहातावर घेतले आणि यथासांग पूजा केली. उभ्या गाडीत पूजा किती सुंदर होते, हे विमानवाल्यांना काय कळणार!

पूजेनंतर डबा उघडला. गुरम्माने बारा धपाटी आणि शेंगांची चटणी दिली होती. आता आमच्याकडे अशी रीत आहे, की पूजेनंतरचे अन्न हा प्रसाद असतो आणि तो एकट्याने खायचा नसतो. दासोहाचा, म्हणजे वाटून खाण्याचा, संस्कार आहे तो. घास घेण्यापूर्वी आजूबाजूच्यांना विचारायचे, "आपले झाले का?" ही जशी आपली रीत, तशी "झालं, तुमी घ्या" असे म्हणणे ही समोरच्याची रीत. छत्तीस वर्षांत या रीतीला कोणीही धक्का लावला नव्हता.

"आपले झाले का?" मी विचारले.

"न्हाई," चतुराबाई म्हणाल्या.

"न्हाई बा," वरच्या आसनावरून भुजंग नावाचा कंधारचा कंपाउंडर म्हणाला.

"आमचं बी न्हाई!" बाजूच्या आसनावरून.

"हिकडं बी कुनाचंच न्हाई!" पलीकडच्या कप्प्यातून, ज्यांना मी विचारलेही नव्हते!

बारा धपाटी कापरासारखी उडाली. मला चटणीचा वास मिळाला.

खाली फलाटावर किशनराव नावाच्या गृहस्थांचा चहाचा एकुलता एक गाडा होता. त्यांची बिस्किटे सहालाच संपली होती. गावकऱ्यांनी माणुसकीने तांदूळ आणून दिले, किशनरावांनी मोठ्या पातेल्यात भात चढवला. पण चेहरा कष्टी करून म्हणाले, "भात हाय गुरुजी, पन कोरडा. लेकरास्नी कोरडा भात कसा गिळावा? गावात डाळ मागितली, तर एकेक मूठ निघाली."

चतुराबाईंची दृष्टी हळूच माझ्या उशाकडे गेली.

"गुरुजी, ते काय हाय?"

"नमुना."

"कशाचा?"

मी मौन धरले. मौन म्हणजे असत्य नव्हे! पण भुजंगने वरून मान लोंबकळवून पिशवीवरची अक्षरे मोठ्याने वाचली, "'तूरडाळ, पाच किलो, उत्कृष्ट प्रत.' उत्कृष्ट हाय म्हनं!" आणि तो हसला.

चतुराबाई म्हणाल्या, "समद्यास्नी 'झालं का, झालं का' इचारताव, अन् डाळीवर डोस्कं ठिवून झोपताव व्हय?"

वाचकहो, अनेक शास्त्रार्थ मी ऐकले आहेत. पण असे बिनतोड वाक्य ऐकले नाही. विचारायचे आणि असून द्यायचे नाही, ही तर रीतीची थट्टा झाली! शिवाय मुंबईत दुसरा नमुना पोहोचतोच आहे. आणि खरे सांगू? 'उत्कृष्ट' या शब्दावर भुजंग ज्या रीतीने हसला, ते मला मुळीच सहन झाले नाही!

लाखेचे सील मी दातांनी फोडले.

कोणी हळद दिली, कोणी लसूण, कोणी बाटलीतले तेल. ना कुकर, ना सोडा; तरी पाऊण तासात डाळ अशी शिजली, की पळीवरून लोण्यासारखी उतरावी! मी धोतराचा काचा मारून स्वतः वाढायला उभा राहिलो. आमचा डबा जेवला, शेजारचा जेवला.

"गुरुजी, कुठली म्हनं डाळ?"

"लातूरची! आमच्या गिरणीची! घ्या, संकोच करू नका!"

भुजंगने तीनदा घेतली. चौथ्यांदा आला तेव्हा मी विचारले, "कशी आहे?" तो मान खाली घालून म्हणाला, "पिशवीवर लिवलंय तशीच हाय." त्या क्षणी मला वाटले, की रेल्वेचा शोध याच प्रसंगासाठी लागला असावा!

नऊ वाजता गाडीने शिटी दिली. चतुराबाईंनी आमचा धपाट्यांचा डबा घासून, त्यात काठोकाठ डाळ भरून माझ्या हाती दिला. "दुसऱ्याच्या घरचा डबा रिकामा देऊ ने, गुरुजी."

माझा फोन तोवर मान टाकून बसला होता. मला चिंता नव्हती. मध्यान्ह टळल्यावर मुंबई आली. पावणेतीनला कंपनीच्या दाराशी टॅक्सीतून उतरलो, तोच मागच्या टॅक्सीतून उमाशंकर उतरला. दोघेही हसतमुख!

"अप्पा! कसं झालं? कंपनीच्या मॅडम काय म्हनल्या?"

"मला काय विचारतोस? तू सांग!"

"मी आत्ताच यायलोय! नांदेडात धुकं हुतं, बारापर्यंत विमान जाग्यावरच! तुमी तर आठलाच पोचलाव ना?"

"झाड पडले होते. मी नऊपर्यंत दौंडच्या अलीकडे."

"मंग 'एकही धक्का नाही' म्हनलाव ते?"

"उभ्या गाडीला धक्का कोठून बसणार? आणि तू म्हणालास ना, ढगच ढग?"

"ते खालचेच हुते, अप्पा!"

पहारेकरी आळीपाळीने आमच्याकडे पाहत होता. मी धीर देत म्हणालो, "असू दे. तुझ्या बॅगेतला तो दुसरा नमुना काढ."

"कुठला दुसरा नमुना?"

"वर्षाराणीने दिलेले पुडके. डाळीचे!"

"ती डाळीची चटनी हाय! तिच्या बहिनीसाठी!" मग त्याची दृष्टी माझ्या काखेतल्या घडी घातलेल्या पिशवीवर पडली आणि त्याचा स्वर एकदम बारीक झाला. "अप्पा... सील कुनी फोडलं?"

"मी," मी म्हणालो. विमानतळावरच्या धुक्यासारखे काहीतरी त्याच्या डोळ्यांत दाटले. बावीस माणसांची गिरणी मी रेल्वेच्या दोन डब्यांना वाढून आलो होतो!

खरेदी विभागाच्या प्रमुख धम्मप्रिया मॅडम होत्या. टेबलावर इतर गिरण्यांच्या सीलबंद पिशव्या शिस्तीत मांडलेल्या होत्या.

"वेळ अकराची होती," त्या म्हणाल्या. "नमुना?"

मी घडले ते आद्योपांत सांगितले. त्यांनी लेखणी खाली ठेवली. "म्हणजे नमुना प्रवाशांनी खाल्ला?"

"अत्यंत आवडीने!" मी म्हणालो. उमाशंकरने माझी बाही ओढली. मी डबा उघडून समोर ठेवला. "हा उरलेला अंश."

बाईंनी चमचाभर डाळ घेतली. थांबल्या. आणखी एक चमचा घेतला.

"कधी शिजवली?"

"सकाळी आठला."

"आणि अजून पाणी वेगळं झालेलं नाही. सोडा घातला होता?"

"सोडा! आमच्या डाळीत!" मी उभाच राहिलो. "बाई, ही डाळ..."

"अप्पा, बसा!"

"बसा गुरुजी," त्याही म्हणाल्या. पण आता किंचित हसत होत्या. "डाळ चांगली आहे. पण शिजवलेला नमुना मला घेता येत नाही. कच्ची, सीलबंद, पाच किलो. धुक्यामुळे आणखी दोन गिरण्या अडकल्या आहेत, म्हणून सगळ्यांनाच मी उद्या अकरापर्यंत मुदत दिली आहे. त्यापुढे एक मिनिट नाही."

नांदेडला उद्याही धुकेच सांगितले होते. उरला एकच मार्ग. उमाशंकरने घरी फोन लावला आणि नुसते म्हणाला, "काकू, सील..."

पलीकडून गुरम्माचा आवाज मलाही ऐकू आला. "'आपलं झालं का' इचारलं असतील!"

त्याच रात्री लातूरहून गुरम्मा स्वतः निघाली. सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी गाडी फलाटाला लागली. मी घड्याळ उमाशंकरच्या नाकापुढे धरले! गुरम्मा उतरली. हातात पत्र्याची पेटी, पेटीला कुलूप, किल्ली कमरेला. मी पुढे झालो. "दे, मी धरतो."

"तुमी हात लावू नका!"

"वाटेत कोणी भुकेले भेटले नाही?"

"मी घरूनच जेवून निघाले. कुनाला इचारलंच न्हाई!"

दहा वीसला पिशवी टेबलावर होती. पाचव्या दिवशी निवड कळली: आमची गिरणी! आज दोन्ही पाळ्या चालू आहेत आणि चतुराबाईंकडे पहिल्या पोत्यातली पाच किलो डाळ मी स्वतः रेणापूरला नेऊन दिली.

तेव्हा निर्णय स्पष्ट आहे. धंद्याच्या कामासाठी रात्रीच्या रेल्वेसारखे वाहन नाही! उमाशंकरनेही ते जाहीर मान्य केले असून, आमच्या गिरणीचा प्रत्येक नमुना आता रेल्वेनेच जातो. गुरम्माबरोबर, पेटीत, कुलपात.

मला मात्र घरच्यांनी एकमताने विमानात बसवायचे ठरवले आहे. दोनदा जाऊन आलो. आसन खिडकीशेजारचे असते. आणि ऊन येते तिकडेच पूर्व असते; उमाशंकरला हे सांगू नका.