देवरावभाऊंचा दुपट्टा

बाभुळगावच्या स्टँडवर यवतमाळची एसटी वळते आणि ती पुरती थांबायच्या आत एक पांढरा दुपट्टा खिडकीतून आत जाऊन बाकावर पडतो. दुपट्टा पडला की ती जागा देवरावभाऊंची. मग ते दारातल्या रेटारेटीत शिरत नाहीत. बाजूला उभे राहून सगळ्यांना चढू देतात आणि शेवटी सावकाश वर येतात. गाडी रिकामी असली तरी दुपट्टा पडतोच. एकदा दुपारच्या गाडीला प्रवासी म्हणून ते आणि मी, दोघंच होतो. त्याही दिवशी त्यांनी तो टाकला. मी म्हटलं, "भाऊ, आज कोणाची भीती?" तर म्हणाले, "मॅडम, रिकामी गाडी पाहूनच माणूस गाफील राह्यते."

देवरावभाऊ माझे शेजारी, भिंतीला भिंत लागून. कापूस आणि तूर, दोन्ही बरी पिकवतात. मुलगी लहान असतानाच बायको गेली, त्यामुळे घरात बाप आणि लेक दोघंच. मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, म्हणून गावाला मी 'मॅडम'. भाऊंचा दुपट्टा खांद्यावर कमी आणि कुठल्या ना कुठल्या जागेवर जास्त असतो. लग्नात पंगतीच्या पाटावर, दवाखान्यात डॉक्टरांच्या दारासमोरच्या खुर्चीवर, बँकेत खिडकीच्या कठड्यावर. माझ्या नातवाच्या बारशाला ते आले तेव्हा मी अजून झाडू मारत होते. त्यांनी पंख्याखालच्या सतरंजीवर दुपट्टा टाकला आणि अंघोळीला घरी निघून गेले. मला त्याच्या भोवतीने झाडावं लागलं.

"जागा धरेल असली का माणूस निवांत," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मी त्यांना निवांत असं कधी पाहिलं नाही ही गोष्ट वेगळी.

त्यांची मुलगी आचल. कमी बोलणारी, खिडकीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत पाय वर घेऊन तासन्‌तास वाचणारी. तिला डॉक्टर व्हायचं होतं, दुसरं काहीही व्हायचं नव्हतं. पहिल्या खेपेला मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत ती थोडक्यात हुकली. तिने एक वर्ष घरी बसून पुन्हा अभ्यास केला. संध्याकाळी माझ्याकडे शंका घेऊन यायची. तिची तयारी बघून मला वाटायचं, या वेळी ही काढणार. आणि लगेच धाकधूक व्हायची, कारण अजून एक वर्ष घरी बसायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

नेमकी त्याच वर्षी परीक्षा लांबली. आधी एक तारीख आली, ती पुढे गेली, मग दुसरी आली, तीही गेली. बाकीच्या कॉलेजांचे प्रवेश मात्र आपल्या वेळेवर सुरू झाले. गावातली पोरं कोणी इंजिनिअरिंगला, कोणी फार्मसीला निघाली आणि आचल त्याच खुर्चीत तीच पुस्तकं पुन्हा उघडून बसली. भाऊंचा जीव वर-खाली होऊ लागला. रोज सकाळी भिंतीवरून त्यांचं डोकं दिसायचं.

"लागली का तारीख?"

"नाही भाऊ."

"कायची परीक्षा होय बापा ही. पोळा येऊन राह्यला, अन्‌ हिचा पत्ता नाई."

एक दिवस ते भिंतीवरून न डोकावता सरळ दारातून आले. दोन तालुके पलीकडच्या एका शेतकी कॉलेजात आचलचं नाव लागत होतं. तिथे प्रवेश घेऊन टाकायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"भाऊ, तिला तिथे जायचंय का?"

"जायचं कोनाले हाये? नुस्ती जागा धरून ठेवायची. मॅडम, तुमी एसटीनं जाता, पन तुमाले स्टँड समजत नाई. गाडी लेट झाली का दोन गाड्यांची गर्दी एका गाडीले होते. तवा दुपट्टा आगावच टाकावा लागते."

मी त्यांना बसवून समजावलं. म्हटलं, एसटीतला दुपट्टा हात घालून परत उचलता येतो. हे लोक शाळा सोडल्याचा मूळ दाखला ठेवून घेतात, बारावीची मूळ गुणपत्रिका ठेवून घेतात. दाखला एकच असतो. उद्या मेडिकलला नंबर लागला की तोच समोर ठेवावा लागतो, झेरॉक्स चालत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "तवा घेऊन येऊ ना परत. आपलाच त हाये."

आचल दाराशी येऊन उभी होती. "बाबा, थांबा न जरासं. माहे कागदं तथी कायले अडकवता?"

"अडकवून नाई राह्यलो माय, ठेवून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ते कागद ठेवून आले आणि आठवडाभर बरेच खुशीत होते. त्या कॉलेजच्या निम्म्या जागा दिवाळीपर्यंत रिकाम्या असतात हे मला नंतर कळलं. भाऊंना तेव्हाच कळलं असतं तरी त्यांनी दुपट्टा टाकलाच असता.

पोळा होऊन गेल्यावर एकदाची परीक्षा झाली. यवतमाळच्या केंद्रावर भाऊ उजाडताच फाटकाला टेकून उभे होते, फाटक उघडायचं होतं दुपारी. पेपर चांगला गेला. निकालही चांगला आला. आता कॉलेजांच्या यादीची वाट बघायची होती आणि ही वाट आधीच्या वाटेपेक्षा वाईट होती. मला वर्गात शिकवताना मोबाइल बघायची सवय लागली. आचल जेवेनाशी झाली. भिंतीवरचं डोकं आता सकाळ-संध्याकाळ दिसू लागलं. "लागली का?" एवढंच विचारायचे. काय लागलं ते सांगायची गरज नव्हती.

कापूस वेचणीला आला तेव्हा एका शुक्रवारी संध्याकाळी यादी लागली. आचलचं नाव होतं. नागपूर, सरकारी मेडिकल. मी भिंतीपाशी जाऊन हाक मारली, तशी ती धावत आली आणि माझ्या हातातला मोबाइल बघून मटकन खाली बसली. भाऊ हसत हसत आले. "झाली का माही पोरगी डाक्टर?" मी त्यांना पुढचं वाचून दाखवलं: सोमवारी संध्याकाळपर्यंत मूळ कागदपत्रांसह हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली. त्यांचं हसू तिथेच थांबलं. हात आपोआप खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे गेला.

शेतकी कॉलेजच्या बाबूला मी फोन लावला. तो लग्नाच्या घाईत होता, मागे बँड वाजत होता. म्हणाला, शनिवार-रविवार सुट्टी, सोमवारी या, प्रवेश रद्द करायचा अर्ज द्या, प्राचार्यांची सही होईल, कागद त्यानंतर दोन-चार दिवसांत मिळतील. मी त्याला परोपरीने सांगितलं. त्याने "हो हो मॅडम" म्हणून फोन ठेवून दिला. आचल रडली नाही. ती उठून आपल्या खुर्चीत जाऊन बसली आणि तिने पुस्तक उघडलं. परीक्षा संपून गेली होती, तरी ती जीवशास्त्राचं पुस्तक उघडून बसली होती.

शनिवारी सकाळी भाऊ दारात हजर. "मॅडम, तुमची गाडी काढता का? तथी जाऊन बसू."

"भाऊ, कॉलेज बंद आहे."

"बंद हाये म्हूनच जाऊ. पहिला नंबर आपला राहीन."

मला संताप आला, पण घरी बसवतही नव्हतं. मी गाडी काढली. मागे आचल, पुढे मांडीवर दुपट्ट्याची घडी धरून भाऊ. कॉलेजच्या फाटकातल्या चौकीदाराने सांगितलं, आज कोणी येत नाही, उद्याही नाही. भाऊंनी त्याला रामराम घातला, ऑफिसच्या पायरीवर दुपट्टा अंथरला आणि शेजारी बसले. कुलूपबंद दार, समोर हरभऱ्याचं शेत, आणि रांगेत पहिला नंबर लावलेले देवरावभाऊ. त्यांच्यामागे दुसरा नंबरच नव्हता.

ऊन चढलं. चौकीदाराने पाणी आणून दिलं. शेवटी माझा तोल गेला. "या दुपट्ट्यानेच घात केला तुमचा. किती वेळा सांगितलं होतं मी!"

त्यांनी पायरीवरच्या दुपट्ट्याचं दुमडलेलं टोक सरळ केलं आणि म्हणाले, "पोरीचं वाईट व्हावं म्हून टाकला का मॅडम मी? तिनं अजून एक वर्ष त्या खुर्चीत बसावं नाई, म्हून टाकला." आचलने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दुपार कलता कलता एक मोटारसायकल आत आली. चिखलाच्या चपला घातलेले एक गृहस्थ उतरले आणि तडक शेताकडे निघाले. ते प्राचार्य होते. शेतीपंपाची थ्री फेज लाइन आली होती, तेवढ्यात मोटर लावून कॉलेजच्या हरभऱ्याला पाणी सोडायला आले होते. मोटर सुरू करून परत येताना त्यांनी पायरीवरचा दुपट्टा पाहिला.

"हे काय आहे?"

"नंबर हाये सायेब."

"कशाचा नंबर? ऑफिस सोमवारी उघडणार."

"उघडन तवा उघडन. आमी बसेल हाओ."

"अहो, पण तुमच्यामागे आहे कोण?"

भाऊंनी मागे वळून पाहिलं. मागे खरंच कोणी नव्हतं. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. आचल उभी राहिली आणि न अडखळता तिने सगळं सांगितलं, लांबलेल्या परीक्षेपासून सोमवारच्या संध्याकाळपर्यंत. एवढं सलग बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. प्राचार्यांनी हात पुसले आणि बाबूला फोन लावला.

बाबू आला तो भरजरी कुडत्यात, कपाळाला टिळा, मागच्या सीटवर नटलेली बायको. तो कुलूप उघडता उघडता कुरकुरू लागला, आवक-जावक नोंद, सुट्टीचा दिवस, नियम. बायको गाडीवरूनच कडाडली, "देऊन टाका ना वो त्या पोरीचे कागदं! तथी माह्या बहिणीची हळद लागून जाईन!" त्यानंतर नियम बराच मऊ झाला. आचलने अर्ज लिहिला, सही झाली, कपाटातून दाखला आणि गुणपत्रिका बाहेर आली. भाऊंनी दोन्ही कागद कपाळाला लावले, पायरीवरचा दुपट्टा झटकून खांद्यावर घेतला आणि जाता जाता प्राचार्यांना म्हणाले, "सायेब, हे जागा आता दुसऱ्या एखाद्या लेकराले देजा."

प्राचार्य म्हणाले, "अहो, आमच्याकडे जागाच जागा आहेत."

सोमवारी नागपूरला आचलचा प्रवेश झाला. बाबू लोकांच्या भीतीने भाऊ तिला घेऊन रविवारीच तिथे जाऊन पोचले होते, हे सांगायला नकोच.

कॉलेज सुरू व्हायच्या दिवशी ती एकटी निघाली. वेचणीला बाया लावलेल्या, म्हणून तिनेच भाऊंना येऊ दिलं नाही. मी स्टँडवर पोचवायला गेले होते. गाडी वळली. लोकांनी सवयीने खिडकीपाशी थोडी जागा करून दिली, आता दुपट्टा पडणार म्हणून. काही पडलं नाही. मी पाहिलं तर भाऊंचा खांदा रिकामा.

"भाऊ, दुपट्टा?"

"घरी राह्यला."

आचल गर्दीत कशीबशी चढली, तिला जागा मिळाली नाही. एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने ती आम्हाला निरोप देत होती. जन्मभर रिकाम्या गाड्यांत जागा धरणाऱ्या माणसाला आजच विसरायला झालं, याचा मला राग आला. गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली तरी भाऊ तिथेच उभे होते. शेवटी मीच त्यांना घराकडे वळवलं.

संध्याकाळी वांग्याच्या भाजीची वाटी घेऊन मी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. भाऊ भिंतीला टेकून खाली बसले होते. मी नेहमीप्रमाणे खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळले.

"तथी नोका बसू मॅडम."

खुर्चीवर दुपट्टा होता. नीट पसरलेला, चारी टोकं आत खोचलेली.

"संक्रांतीले येनार हाये ते," भाऊ म्हणाले. "जागा धरेल हाये."

मी वाटी त्यांच्यापुढे ठेवली आणि खाली जमिनीवर बसले.