हळद लाजली की साबण फेल

दामूनानांकडे चहाला गेलात तर आधी बशीखाली पाहा. तिथं ‘पास’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असेल. नसेल तर चहा पिऊ नका. मुरबाडच्या एका कारखान्यात माल तपासण्यात नानांचं आयुष्य गेलं. निवृत्त होऊन ते शेणव्याला आमच्या शेजारी राहायला आले, ते चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊनच. आमची वांगी फेल, सरपंचांचं भाषण फेल. माझा जावई तेवढा पास झाला, आणि तेव्हापासून तो माझ्याशी जरा ताठ्यानं वागतो.

मग नानांनी साबणाचं मनावर घेतलं. बाजारचा नको, झाडापानांतून निघालेलाच हवा. मोहाचं तेल आणि केळीच्या खांबाच्या राखेचं पाणी गोठ्यात रटरटू लागलं. हळदीत बुडवून वाळवलेल्या कागदावर नाना साबणाचा थेंब टाकत. साबणात राखेचा खार जास्त असला की पिवळा कागद लाल होई, आणि नाना सुतकी चेहऱ्यानं म्हणत, “हळद लाजली. फेल.”

नमुने अर्थातच आम्हा शेजाऱ्यांच्या अंगावर खपत. एका साबणाला फेस इतका आला की माझी बायको आणखी मागायला गेली. नानांनी नेमका तोच फेल केला.

“फेसाला काय करायचाय गो?” ते तिला म्हणाले. “हळद बघ.”

वैशाखरे गावी माझ्या भाच्याची हळद होती. नवरदेव डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होऊन पाटावर बसलेला पाहून नानांना राहवेना. एवढा मोठा तपासणीचा कागद पुन्हा कुठे मिळणार? त्यांनी खिशातून साबण काढून त्याच्या हातावर चोळला, आणि हात कोपरापर्यंत लालबुंद झाला. पोराला काहीतरी चावलं, दृष्ट लागली म्हणून एकच गोंधळ. माझी बहीण मीठ-मोहऱ्या आणायला धावली. नाना शांतपणे साबण पुन्हा खिशात घालत म्हणाले, “फेल.” त्या घरचं आमंत्रण आम्हाला अजून आलेलं नाही.

या उद्योगात घरची भांडीही नानाच घासत, भाकऱ्याही तेच थापत. तांदळाची भाकरी ती, पण नानांच्या हातून तालुक्याचा नकाशा व्हायची. आळीत चेष्टा चाले की कारखान्यात साहेबाला दाद दिली नाही, पण घरी मालकिणीपुढे नाना चळाचळा कापतात. नाना हसून म्हणत, “मालकीण पास हाय आमची.” ही मालकीण, म्हणजे आमच्या काकी, ओटीवर पदराखाली हात घेऊन बसलेल्या असत. आम्हाला तो थाट वाटे.

शेवटी नानांनी राख सोडली आणि रिठे धरले. रिठ्याच्या साली भिजवून कुस्करल्या, त्यात जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस घातला. थेंब टाकला, कागद पिवळाच राहिला. मी पेढ्यांची वाट पाहू लागलो, पण नाना चिठ्ठी काढेनात. म्हणाले, “आजून येक तपासणी बाकी हाय.”

पुढं कितीतरी दिवस गेले. मग एका सकाळी त्यांनी मला कुंपणावरून हाक मारली. आत गेलो तर चुलीपुढे काकी बसलेल्या, वाफाळती उकड मळत. त्यांचे तळहात मी पहिल्यांदाच पाहिले. सगळीकडे भेगांचे वण होते, पण बुजलेले.

“साबणाचा पानी लागला का हात फाटायचं रे,” काकी म्हणाल्या. “पिठात मीठ असला तं जीव जायचा. याह्यनी मला भांड्याला नाय का पिठाला नाय, कशाला हात लावू दिला नाय. आता या रिठ्याच्या पान्यानी येक भेग नाय पडली.”

तव्यावर भाकरी टम्म फुगली. नाना मात्र भाकरीकडे बघत नव्हते, काकींच्या हातांकडे बघत होते. आळीबरोबर मीही हसलो होतो याची मला लाज वाटली.

नानांनी चिठ्ठी काढून पुढे केली. रिठ्याच्या बाटलीवर काकींनीच लावावी, असा त्यांचा बेत असावा. काकींनी ती घेतली आणि पिठाच्या हातानं थेट नानांच्या छातीवर चिकटवली. गावभर चिठ्ठ्या वाटलेल्या त्या माणसाला कुणी पहिल्यांदाच पास केलं होतं.

दुपारी ते तसेच शहापूरच्या बाजाराला निघाले. शर्टावर चिठ्ठी होती, भोवती पिठाची बोटं उमटली होती. मी म्हटलं, नाना, पीठ झटका. त्यांनी ते झटकलं नाही.