एका कान्याने चुकलेलं गाव

परदेशात जाऊन गाव पाहायचं असं मी काही ठरवलं नव्हतं. मी फक्त 'हो' म्हटलं होतं, आणि तेही तोंडात घास असताना.

आमचा केतन आयर्लंडमध्ये, डब्लिनला नोकरी करतो. बायको मृणाल आणि चार वर्षांची चंचल त्याच्यासोबत असतात. त्यांच्या घरमालकानं घर परत मागितलं, त्याच महिन्यात कंपनीनं घरून काम करायची परवानगी दिली, तेव्हा त्यांनी शहर सोडून एखाद्या लहान गावात राहायला जायचं ठरवलं. पण केतनला सुट्टी मिळेना आणि मृणालला दुसरं बाळ होणार असल्यानं डॉक्टरनं प्रवास करू नका म्हणून सांगितलेलं. मी जेवत असताना केतनचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, तुम्ही रिटायरच आहात. महिनाभर येऊन दोन-तीन गावं पाहून द्याल का?"

माझी बायको सुधा तीस वर्षं सौंसरच्या शाळेत मास्तरीण होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "पांढुर्ण्याच्या बाजारात स्कूटर कुठं लावली हे तुम्हाले आठवत नाही, अन् तिकडे गाव पाहायले जाऊन राहिले?"

"गाव पाहणं मला शिकवू नको. तहसील ऑफिसात उभी जिंदगी काढली मी."

(तहसीलात मी आवक-जावक टेबलावर होतो. गावं मी पाहिली ती फक्त लिफाफ्यावर.)

निघताना मात्र ती गंभीर झाली. म्हणाली, "शाळा, दवाखाना, ते सगळं केतन मोबाइलवर पाहील. तुम्ही एकच पाहा. मृणाल दिवसभर घरात राहील. माझा व्हिसा कधी येतो, कोणाले ठाऊक. तिथं तिच्यासंग बोलणारं कोणी आहे का, तेवढं पाहून या."

पहिली दोन गावं केतननं मला रविवारी गाडीतून दाखवली. एक समुद्राकाठी होतं, तिथून मी सर्दी घेऊन आलो. दुसऱ्यात घरच रिकामं नव्हतं. तिसरं किलमोरा. मंगळवारी बसनं मी एकट्यानं जायचं होतं. अकरा वाजता घराचा एजंट स्टॉपवर उभा राहणार होता. केतननं चिठ्ठीवर ठळक अक्षरांत नाव लिहून दिलं आणि ड्रायव्हरला दाखवा म्हणून दोनदा बजावलं. पण आयुष्यभर लोकांनी माझ्यापुढे कागद धरलेले, आता मी कोणापुढे धरू? चिठ्ठी खिशातच राहिली.

पावणेअकराला ड्रायव्हरनं आवाज दिला, "किलमोर." इंग्रजीत शेवटचं अक्षर खातात हे मला ठाऊक होतं. मी ऐटीत उतरलो.

एक चर्च, एक किराणा दुकान, एक पोस्ट, आणि भोवती हिरवी कुरणं. एजंट दिसेना. तेवढ्यात पोस्टातून सत्तरीची एक बाई बाहेर आली. तिचं नाव नोरा, हे मला नंतर कळलं.

"तुम्ही इंडियाहून आलात का?" तिनं विचारलं.

"हो."

"घरासाठी?"

"हो. घर पाहायला."

तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. "दोन वर्षं झाली," ती म्हणाली, "सगळं गाव तुमची वाट पाहतंय."

केतननं एजंट झकास निवडली, असं मी मनात म्हटलं.

घरही तसंच होतं. पांढरं, दुमजली, मागे सफरचंदाचं झाड. पुढच्या खोलीत ओळीनं खुर्च्या, एक उंच पलंग आणि वजनकाटा. भिंतीवर मोठ्यापासून लहान होत जाणाऱ्या इंग्रजी अक्षरांचा तक्ता. आपल्या चंचलला एबीसीडी शिकायला किती सोय, असं मला वाटलं. (हे मी कोणाला सांगत नाही.)

मग माणसं यायला लागली. पॅट्रिक नावाचा म्हातारा शेतकरी समोर बसला आणि पँट वर सरकवून त्यानं गुडघा दाखवला. जिना चढताना कसा दुखतो ते सांगितलं. आपल्याकडे पाहुण्याला 'चहा घेता का' विचारतात, इकडे दुखणं सांगून ओळख करून देत असतील, असं मी समजलो. सुधाचेही गुडघे दुखतात. मी मोठ्या उत्साहानं त्याला तिळाचं तेल कोमट करून चोळायला सांगितलं. तीळ म्हणजे काय हे समजावण्यातच बराच वेळ गेला. मग एका बाईला झोप येत नव्हती. तिला चारनंतर चहा बंद. एकाला खोकला होता. त्याला हळद-दूध. तासाभरात सगळ्या खुर्च्या भरल्या. मी एकेकाचं शांतपणे ऐकून घेत होतो. (नोकरीत असताना हे मला एकदाही जमलं नव्हतं.)

खिशात फोन थरथरला. केतनचे सात कॉल येऊन गेले होते.

"बाबा, कुठं आहात तुम्ही? एजंट केव्हाचा स्टॉपवर उभा राहून राहिला."

"मी घरातच आहे. घर पसंत आहे. माणसं तर सोन्यासारखी. आता एकाचा खोकला ऐकून राहिलो."

केतननं विचारलं, "खोकला कशाले ऐकून राहिले, बाबा?"

मी फोन नोराकडे दिला. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. फोन परत देऊन तिनं हळूच विचारलं, "म्हणजे इंडियाहून येणारे आमचे नवे डॉक्टर तुम्ही नव्हे?"

"नाही. मी क्लार्क आहे. तोही रिटायर."

दोन वर्षं या माणसांनी डॉक्टरची वाट पाहिली होती आणि मी त्यांना हळद-दूध सांगत बसलो होतो. मी उठून हात जोडले आणि येईल तशा इंग्रजीत माफी मागितली. मला खरंच मान वर करवेना.

मग पॅट्रिक हसला. आधी तो एकटा, मग सगळेच. "असू दे," तो म्हणाला. "माझं दुखणं मधे न तोडता पहिल्यांदाच कोणी ऐकलं."

नोरानं मला चहा आणि लोणी लावलेला पाव दिला आणि स्वतःच्या गाडीनं पाव तासावरच्या खऱ्या किलमोऱ्याला नेऊन सोडलं. मी उतरताना तिनं केतनच्या चिठ्ठीच्या मागे आपला नंबर लिहून दिला.

किलमोरा चांगलं होतं. नवीन घरं, गुळगुळीत रस्ते, शाळा पाच मिनिटांवर. दोन तासांत तिथं एका खिडकीचा पडदा हलला, तेवढंच.

संध्याकाळी मी काही न लपवता सगळं सांगितलं. केतननं कपाळाला हात लावला. मृणाल मात्र विचार करत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "बाबा, त्या नोराबाईंना विचारा ना, त्यांच्या गावात दुसरं घर आहे का."

होतं. पोस्टामागे नोराच्या दिवंगत भावाचं. महिन्याभरात ते तिघं किलमोरला राहायला गेले आणि मी पांढुर्ण्याला परतलो.

सुधाचा व्हिसा अडकला तो अडकलाच. आणि मृणालच्या कळा तारखेच्या तीन आठवडे आधीच, भरदुपारी सुरू झाल्या. केतन त्या दिवशी कंपनीच्या कामानं डब्लिनला. नोरानं तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि केतन पोचेपर्यंत तिचा हात सोडला नाही. चंचलला पॅट्रिकच्या बायकोनं सांभाळलं. केतनचा फोन आला, "मुलगा झाला, दोघंही चांगले आहेत." सुधानं फोन घेतला, बोलली, ठेवला. मग बातमी ऐकून आलेल्या शेजाऱ्यांसमोर पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून म्हणाली, "गाव मात्र बरोबर पाहिलं यांनी."

नातवाचं नाव गौरव ठेवलं. त्याच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही दोघंही किलमोरला गेलो. तोवर गावाला खरी डॉक्टर मिळाली होती, एक तरुण मुलगी. वाढदिवसाला तीही आली. मला पाहून म्हणाली, "तुम्हीच का ते? पॅट्रिकचा गुडघा तुम्ही आलात त्या दिवसापासून सुधारला म्हणतात."

मी सुधाकडे एक नजर टाकली आणि नम्रपणे म्हटलं, "तिळाच्या तेलाचा गुण. आमच्याकडचं जुनं औषध आहे."

"तेल त्यांनी लावलंच नाही," ती म्हणाली. "तुमचं इंग्रजी समजून घ्यायला तासभर पाय न हलवता बसावं लागलं, त्यानंच बरं वाटलं, असं ते सांगतात. मी त्यांना रोज तेवढंच करायला सांगितलंय. तुमच्या जागी आता रेडिओ लावतात."