कोपरापासून एक मीटर

महिन्याभरात तिसऱ्यांदा मोटारीचा आरसा ग्रंथपालांच्या कोपराला घासून गेला, तेव्हा बायकोने सांगून टाकलं, "आज तक्रार करा, नाहीतर उद्यापासून सायकलीला कुलूप. संध्याकाळी मला तुम्ही अख्खे घरी हवे आहात."

ग्रंथपाल नियम मानणारे गृहस्थ. वाचनालयात 'शांतता राखा' या पाटीखाली बसून त्यांनी तीस वर्षं स्वतः शांतता राखली होती. ते मुकाट्याने सायकल सुरक्षा कक्षात गेले.

"अपघात सायकलमार्गात झाला का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही, मोठ्या रस्त्यावर. सायकलमार्गात मोटारी उभ्या असतात."

"म्हणूनच तिथे तीन वर्षांत एकही अपघात नाही," अधिकारी समाधानाने म्हणाले. "मध्यंतरी पंधरा दिवस मोटारी हटवून पाहिल्या. लगेच सायकली शिरल्या आणि सात जण पडले. नसती उठाठेव. मोटारी पूर्ववत करून घेतल्या."

"मग मी जिवंत कसा राहू?"

अधिकाऱ्यांनी परिपत्रक पुढे सरकवलं. सायकल व मोटार यांत एक मीटर अंतर असावे. ते राखण्याची जबाबदारी, ज्यास इजा होण्याची शक्यता अधिक, त्याची राहील.

ग्रंथपालांनी सायकलीला दोन्ही बाजूंनी मीटरभर बांबू बांधले, टोकांना लाल फडकी लावली. पहिल्याच चौकात हवालदाराने अडवून फीत लावली. रुंदी मोटारीहून हातभर जास्तच भरली. नियमांत इतक्या रुंद वाहनाला सायकल म्हणायची सोय नव्हती.

"आता तुम्ही मोटार," हवालदार म्हणाला. "रस्त्याच्या मधून जायचं. सायकलमार्गात फक्त उभं राहायचं."

आणि खरोखरच दिवस पालटले. मोटारी अदबीने मागे राहू लागल्या. ग्रंथपालांचं वाहन वाचनालयासमोर सायकलमार्गात आडवं उभं राहू लागलं. बायकोच्या जिवाला घोर उरला नाही. ग्रंथपालांचीही मान थोडी ताठ झाली.

मग एका सकाळी कामावर निघालेली एक नर्स, सायकलमार्ग अडलेला पाहून, सायकल घेऊन रस्त्यावर आली. मागून आलेल्या ग्रंथपालांच्या बांबूचा फटका बसून ती खाली पडली. ग्रंथपाल उतरले. त्यांनी आधी बांबू तपासला.

"डोळे फुटलेत का?" ते ओरडले. "या सायकलवाल्यांना ना शिस्त, ना अक्कल."

मागे खोळंबलेल्या मोटारींत कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. नर्सच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, पण उतरायला कुणाला वेळ नव्हता. तिसऱ्या मोटारीत तुम्ही होतात. हॉर्न सर्वांत आधी तुम्हीच दिलात.